नाकाबंदीच्या रजिस्टरची मागची पानं

रजिस्टर दोनशे पानी आहे. लाल कापडी पाठ, कोपरे दुमडलेले, पुठ्ठ्यावर स्केचपेननं 'वाहन तपासणी नोंदवही' असं लिहिलेलं. आत पट्टीनं आखलेले रकाने : अनुक्रमांक, वाहन क्रमांक, चालकाचं नाव, कुठून, कुठे, कारण, शेरा. एमएच २६, एमएच २६, टीएस ०१, मग पुन्हा एमएच २६. कारणाचा रकाना वरून खाली वाचत गेलं की २०२० च्या उन्हाळ्यातला सगळा मुलूख डोळ्यांपुढं उभा राहतो : दवाखाना, दवाखाना, मयत, भाजीपाला, बाळंतपण, मयत, तेंदूपत्ता, दवाखाना. एका ओळीत नुसतं 'घरी'. शेऱ्यात 'पायी'. वाहन क्रमांकाचा रकाना अर्थातच कोरा.

गुरुजींनी रजिस्टर माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि मागच्या बाजूनं उघडून परत दिलं. "आता इकडून वाचा, ताई."

मागून कविता होत्या.

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा विषय सोपा वाटला होता. महामारीत लिहिणाऱ्या माणसांनी दिवस कसे काढले ते लिहा. पाच वर्षं होऊन गेली, आता लोक निवांत सांगतील. मी नांदेडात बसूनच फोन लावायला सुरुवात केली आणि शहरातल्या लेखकमित्रांकडून उत्तरं भराभर आली. एकानं अडलेली कादंबरी पुरी केली. एकानं महाभारताचे खंड काढून वाचले. एकजण भांडी घासायला शिकला आणि हे त्यानं मला एका फोनमध्ये तीनदा सांगितलं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. पण 'लेखकाला वेळच वेळ मिळाला' हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की मला त्याचा कंटाळा आला, मग थोडा रागही. पगार चालू, घरात आजारी कुणी नाही, किराणा दाराशी, अशा माणसाचं ते वाक्य आहे. मराठवाड्यात लिहिणारा माणूस एवढा मोकळा कधी होता? तो जिल्हा परिषदेचा मास्तर असतो, ग्रामसेवक असतो, तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक असतो, नाहीतर शेतकरी असतो. लेखक तो रात्री नऊनंतर असतो. साथीत त्याची नऊच्या आधीची नोकरी कशी चालली हे पाहिल्याशिवाय नऊनंतरचं काही कळणार नाही, म्हणून मी आजोळी गेले. इस्लापूरला.

नांदेडहून भोकर, हिमायतनगर ओलांडलं की रस्त्याच्या कडेनं सागवान लागतं आणि हवा बदलते. इस्लापूर किनवट तालुक्यात. रेल्वेचं स्टेशन मात्र 'सहस्रकुंड' नावाचं, जवळच्या धबधब्यावरून. पैनगंगा तिथं काळ्या खडकावरून खाली उडी घेते. अलीकडची बाजू मराठवाडा, पलीकडची यवतमाळ, म्हणजे विदर्भ. पावसाळ्यात रविवारी इथं पाय ठेवायला जागा नसते. २०२० च्या पावसाळ्यात पाणी भरपूर होतं आणि बघायला माणूस नव्हता. मुदखेड-आदिलाबाद मार्गावरची गाडी मार्चच्या २२ तारखेनंतर थांबली ती थांबलीच, आणि आजोळच्या लोकांना कळलं की आपण घड्याळ बघतच नव्हतो, गाडीच्या आवाजावर उठत-बसत होतो.

दुसरी सीमा दक्षिणेची, तेलंगणाची. तिच्याविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण गुरुजींची ड्युटी तिच्यावर होती. इस्लापूर मूळचं नांदेड जिल्ह्यातलं नाही. हैदराबाद राज्यात ते आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशाकडे गेला, त्यातून तीन तुकडे वगळले : राजुरा तालुका, किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल. एवढ्याशा सर्कलचं नाव देशाच्या कायद्यात छापलेलं आहे, याचा माझ्या आजोबांना भारी अभिमान. पण कायद्यानं सर्कल इकडं आणलं, सोयरीक तिकडंच राहिली. लेकी बोथकडं दिलेल्या, सुना तिकडून आणलेल्या. कापूस ज्या बाजूला भाव बरा त्या बाजूला जायचा. बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, गोरमाटी, दखनी, ज्याला जी येईल ती. सीमा म्हणजे रस्त्याचं डांबर बदलतं ती जागा, एवढंच लोकांना माहीत. २५ मार्च २०२० ला त्या जागेवर बांबू आडवा झाला आणि चौसष्ट वर्षांनी पहिल्यांदा गावाला कळलं की आपली मावशी परराज्यात राहते.

त्या बांबूपाशी, पत्र्याच्या शेडमध्ये, गुरुजींची खुर्ची. शाळा बंद म्हणून शिक्षक मोकळे, असा सरकारी हिशेब. राज्यभर शिक्षकांना नाकाबंदीवर, रेशन दुकानावर, विलगीकरण केंद्रावर बसवलं. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' आलं तेव्हा काहींच्या हातात तापमापक आणि ऑक्सिमीटरही आले. गुरुजींची शाळा द्विशिक्षकी. दुसऱ्या शिक्षकांना शुगर म्हणून गुरुजींनी दोघांच्या पाळ्या केल्या. हे त्यांनी सांगितलं नाही, त्यांच्या बायकोनं चहा ठेवताना सांगितलं, आणि आवाजात अजून राग होता.

"दुपारी बाराला गाडी नसायची," गुरुजी म्हणाले. "चारपर्यंत कुत्रं फिरकत नव्हतं. पोलीसदादा शेडमध्ये झोपायचे. मी रजिस्टर उलटं करायचो."

कवितांबद्दल मी फार बोलणार नाही. त्यांनी त्या छापायला दिल्या नाहीत आणि इथं उतरवून घ्यायलाही परवानगी दिली नाही. एवढं सांगते, की त्यांत 'कोरोना' हा शब्द नाही. मोहफुलं आहेत. एप्रिल हा मोहाचा महिना. पहाटे टोपली घेऊन जंगलात जाणाऱ्या बाया टाळेबंदी मानत नव्हत्या, कारण मोह मानत नाही. तो रात्रीतून गळतो आणि दुपारपर्यंत उचलला नाही तर जनावरं खातात. काही कविता चार ओळींवर तुटल्या आहेत आणि तिथं एका ट्रकचा नंबर घाईनं लिहिलेला आहे. मी विचारलं, हा नंबर कवितेचाच भाग आहे का? गुरुजी हसले. "तेव्हा नव्हता. आता काढावा वाटत नाही."

शिक्षक-कवीला साथीच्या कामाला जुंपण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. फरक इतकाच की पहिलीला कुणी आदेश काढला नव्हता. 'काव्यफुले' १८५४ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात मुंढव्याकडच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. शाळेच्या भिंतीवर त्यांची तसबीर असते. तिच्याखाली बसून गुरुजींनी रेशनच्या याद्या केल्या, तेव्हा ही गोष्ट डोक्यात आली होती का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "नाई बा. याद्या जुळत नव्हत्या, तेच डोक्यात होतं."

गावात लिहिणारा आणखी एकजण आहे. त्याचं बसस्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. कथा लिहितो, तीन-चार अंकांत आल्या आहेत. दुकान बंद, पण दुकानदाराला सुट्टी नव्हती, कारण २०२० च्या उन्हाळ्यात जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायला ई-पास लागायचा आणि तो फोनवर भरायचा असायचा. घराच्या मागच्या दारानं माणसं यायची, भिंतीशी उभी राहून गोष्ट सांगायची : कोण आजारी, कोण अडकलंय, कोणाचं लग्न मोडायला आलंय. अर्धा तास गोष्ट. फॉर्ममध्ये कारणाला जागा दीड ओळ.

"आठ पानांच्या खाली माझी कथा कधी उतरली नव्हती," तो म्हणाला. "संपादक म्हणायचे, कापा. कापता येत नव्हतं. ई-पासनं शिकवलं. 'वडील अत्यवस्थ, एकुलता मुलगा.' संपली कथा. नामंजूर झाली की पुन्हा लिहायची, अजून दोन शब्द कमी करून."

२ सप्टेंबर २०२० ला ई-पास रद्द झाला. त्याचं सांगणं हसत ऐकण्यासारखं होतं, दुसऱ्या लाटेपर्यंत. मग त्यानं संगणक चालू करून एक फोल्डर दाखवलं. नाव 'भावपूर्ण'. एप्रिल आणि मे २०२१. गावात कुणी गेलं की घरचे फोटो पाठवायचे आणि म्हणायचे, चार ओळी तू लिही. हाच चौकटीचा कागद, हीच फुलं, हाच दिवा, बदलायचा फक्त फोटो आणि ओळी. ओळी मात्र त्यानं प्रत्येकाच्या वेगळ्या लिहिल्या. कुणाच्या हातच्या शेवयांचं नाव होतं, तेलुगू पिक्चरचे डायलॉग तोंडपाठ असणारा कुणी होता, पोळ्याला बैल सजवावेत तर त्यानंच असा एकजण. अंत्ययात्रेला माणसं नाहीत, दहाव्याला बोलावता येत नाही, घराबाहेर पडता येत नाही, अशा वेळी गेलेल्या माणसाबद्दल जे काही बोललं गेलं ते त्या चौकटीत, मोबाइलच्या पडद्यावर. टाळेबंदीतलं साहित्य म्हणून विशेषांक निघाले, परिसंवाद झाले. मला विचाराल तर त्या दोन वर्षांत मराठीत सर्वांत जास्त लिहिला आणि वाचला गेलेला प्रकार हा होता, आणि त्याला कुणी साहित्य म्हणालं नाही. लिहिणाराही म्हणत नाही. दुसऱ्या लाटेनंतर त्यानं दीड वर्ष एकही कथा लिहिली नाही. "ओळ सुचली की ती कुणाच्या फोटोखालची वाटायची."

मरणाच्या बातम्या बाहेरूनही येत होत्या. १७ मे २०२० ला मुंबईत रत्नाकर मतकरी कोरोनानं गेले, तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. गुरुजींनी ती बातमी शेडमध्ये फोनवर वाचली. छापील पेपर तेव्हा गावात येत नव्हता. गाड्या बंद, आणि एप्रिलमध्ये घरोघर पेपर टाकायलाच सरकारनं मनाई केली होती. मतकरींची बालनाट्यं गुरुजींनी वर्गात करून घेतलेली, जुन्या साड्यांचे पडदे लावून. त्या दिवशीच्या पानावर कविता नाही. मुलांची नावं आहेत, कोणी कोणतं काम केलं होतं त्यासह.

साथीनं लेखक नेणं नवं नाही, पण केशवसुतांचं आपण विसरतो. आधुनिक मराठी कवितेचा हा आरंभकर्ता प्लेगच्या साथीमुळे मुंबई सोडून खानदेशात गेला, मास्तरकी करत राहिला, पुढं धारवाडला गेला आणि ७ नोव्हेंबर १९०५ ला हुबळीत प्लेगनंच गेला. वय ३९. पाठोपाठ पत्नीही गेली. हयातीत संग्रह निघाला नव्हता. पाठ्यपुस्तकात त्यांचं बंड शिकवतात, बदल्या आणि बिऱ्हाडं शिकवत नाहीत. साथ पुढं आणि मास्तर मागं की मास्तर पुढं आणि साथ मागं, असा तो आठ-नऊ वर्षांचा प्रवास. त्यातल्या रोजच्या दिवसाबद्दल, म्हणजे सामान कशात बांधलं, शाळा बंद असताना पगार मिळाला का, याबद्दल आपल्याला फार थोडं ठाऊक आहे. गुरुजींचं रजिस्टर मला एवढं मोलाचं वाटलं ते यामुळे.

पगाराचा विषय निघालाच आहे तर तासिकावाल्यांचं सांगायला हवं. मराठवाड्यात आज तिशी-पस्तिशीत लिहिणाऱ्यांत निम्मे तरी नेट-सेट झालेले आणि तासिका तत्त्वावर शिकवणारे सापडतील. घड्याळी तासाप्रमाणे पैसे. कॉलेज बंद, तास नाही, पैसे नाहीत. आजोळच्या शेजारातला एक कवी असाच, पीएच.डी. ग्रामीण कादंबरीवर. मार्च ते दिवाळी त्याच्या हातात कॉलेजची एक दमडी आली नाही. त्यानं रोजगार हमीवर बांधाचं काम केलं, मग बापाच्या शेतात, मग दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला. किलोवर मजुरी. त्याच्या आईचे हात दिवसाला त्याच्या दुप्पट भरायचे. "ग्रामीण कादंबरीतल्या श्रमचित्रणावर माझं एक प्रकरण आहे, पन्नास पानांचं," तो म्हणाला. "बोंडाच्या वाळल्या टोकानं नखाशेजारी कातडं सोलतं, हे त्यात कुठं नाही. मला माहीतच नव्हतं असं नाही. लहानपणी वेचलाच की. पण प्रबंधात ते कसं घालणार?"

मग तुम्ही लिहिलंत का, असं मी विचारलं. तो म्हणाला, बोटं दुखत असताना पेन धरवत नाही आणि बोटं बरी झाल्यावर कॉलेज सुरू झालं.

ऑनलाइन कविसंमेलनांची हौस मात्र सगळ्यांनी भागवली. २०२० च्या जूनपासून इतकी संमेलनं झाली की एकेकाळी अध्यक्ष मिळत नव्हते, आता श्रोते मिळेनात. इस्लापुरात अडचण वेगळी. रेंज पाण्याच्या टाकीवर चांगली मिळते. तासिकावाला कवी संध्याकाळी टाकीच्या जिन्यावर अर्ध्यात चढून, एका हातानं कठडा धरून, कमरेच्या वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली लुंगी अशा वेशात राज्यस्तरीय संमेलनात सहभागी झाला. दुसऱ्या कडव्याला चेहरा गोठला. सूत्रसंचालक म्हणत राहिले, "सर, तुमचा आवाज येत नाहीये." खाली गल्लीत बसलेल्या बायांना मात्र स्पष्ट येत होता. त्यांनी पूर्ण कविता ऐकली आणि एकीनं विचारलं, "पोरा, कुणावर ओरडायलास?" प्रमाणपत्र ई-मेलनं आलं.

हे ऐकताना मला वुहानच्या लेखिका फांग फांग आठवत होत्या. जानेवारी ते मार्च २०२०, बंद शहरातून साठ नोंदी, सोशल मीडियावर. नोंदी पुसल्या जात, लोक पुसण्याआधी वाचायला रात्री जागत. बाजारात काय मिळालं, कुत्र्याचं खाणं संपलं, ओळखीचं कोण गेलं, असल्या साध्या गोष्टी त्या लिहीत होत्या, म्हणून तर सरकारला त्या बोचल्या. त्यांना पुसणारे होते, पण वाचणारेही होते. टाकीच्या जिन्यावरच्या कवीला पुसायला कुणी नव्हतं. टॉवरच ते काम करत होता.

ऐकणारा नसणं हे इथलं खरं दुखणं, आणि ते कागदावर लिहिणाऱ्यांपुरतं नव्हतं. किनवटच्या जंगलपट्ट्यात गोंडांचे परधान आहेत. यजमान घराण्यांच्या कुळकथा किंगरीवर गाणारे. त्यांचं साहित्य तोंडी, आणि विधीला माणसं जमल्याशिवाय ते उघडत नाही. गावाशेजारच्या गुड्यातले एक म्हातारे परधान मला म्हणाले, दोन वर्षं किंगरी आढ्याला टांगली होती. घरात का नाही वाजवली? "म्हशीपुढं गाऊ का?" दिवाळीला इकडं दंडारी निघते, घुसाडी नाचणारे मोरपिसांचे टोप घालून एका गावाहून दुसऱ्या गावाला पाहुणे जातात. २०२० ला त्या गुड्यातली दंडारी शेजारगावी गेली नाही. टोप काढले, उन्हात ठेवले आणि परत बांधून ठेवले. पुढच्याच वर्षी सीमेपलीकडच्या मर्लवाईचे घुसाडी कलावंत कनकराजू यांना पद्मश्री जाहीर झाली, त्याचा आनंद म्हाताऱ्यांना अजून आहे. "आमच्याच बाजूचा," म्हणतात. राज्याची सीमा त्यांच्या हिशेबात नाहीच.

वाचनालय उघडायला १५ ऑक्टोबर २०२० उजाडला. राज्य सरकारनं ग्रंथालयांना परवानगी दिली तो दिवस नेमका वाचन प्रेरणा दिन निघाला, हा योगायोग की कुणाची कल्पकता, कोण जाणे. त्या वर्षी दिवाळी १४ नोव्हेंबरला, आणि अंक कमी. काही निघालेच नाहीत, काही फक्त फोनवर वाचायचे. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढल्यापासून ही परंपरा युद्धांतून आणि टंचाईतून गेली आहे, पण अंक हाताळायचीच भीती वाटावी अशी दिवाळी पूर्वी आली नसावी. झेरॉक्सवाल्यानं दोन अंक टपालानं मागवले, पाकीट तीन दिवस उन्हात ठेवलं आणि मग फोडलं. त्यातल्या एकात त्याचीच कथा होती. मानधन अजून यायचंय.

साहित्य संमेलनही लांबलं. नाशिकचं ९४ वं २०२१ च्या मार्चमधून डिसेंबरात गेलं आणि अध्यक्ष जयंत नारळीकर प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. पुढचं मात्र आपल्या दाराशी आलं, एप्रिल २०२२, लातूर जिल्ह्यातलं उदगीर, अध्यक्ष भारत सासणे. गुरुजी, झेरॉक्सवाला आणि तासिकावाला तिघं एका जीपनं गेले. तिघांनीही कविकट्ट्यावर नाव दिलं नव्हतं. पुस्तकांच्या गाळ्यांत फिरले, भजी खाल्ली. उन्हात तासन्‌तास माणसांच्या गर्दीत नुसते उभे राहिले, असं तासिकावाला सांगत होता. परत येताना जीपमध्ये कुणी फार बोललं नाही.

निघण्याआधी मी रजिस्टर पुन्हा मागितलं. मागून मोजत गेले तर एक पान फाडलेलं. आधीच्या पानावर कविता अर्ध्यात, पुढचं पान थेट दुसऱ्या तारखेचं.

गुरुजी जरा अवघडले. मे महिन्यातली गोष्ट. एक म्हातारा बांबूपाशी आला, सोबत सायकल. लेक बोथकडं दिलेली, ती गेल्याचा निरोप आलेला. पास नाही, फोन नाही. पोलीसदादा म्हणाले, मी सोडतो हो, पण पलीकडचे परत पाठवतील. गुरुजींच्या पिशवीत शाळेचा गोल शिक्का होता. द्विशिक्षकी शाळेत मुख्याध्यापकही तेच, शिक्का कायम सोबत. त्यांनी पान फाडलं, 'सदर इसमास मयतीस जाणे असल्याने सहकार्य करावे' असं लिहिलं आणि खाली शिक्का मारला. असं पत्र द्यायचा त्यांना काही अधिकार नव्हता, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

"पलीकडं सोडलं?"

"सोडलं ना. चार दिवसांनी परत येताना म्हातारा इथं थांबला, पाणी पिला. कागद तिकडंच ठेवून घेतला म्हणे त्यांनी, फाइलीला."

"आणि मागं कविता."

"ते मला घरी आल्यावर ध्यानात आलं. अर्धी इकडं, अर्धी तिकडं."

"त्या पोलिसानं वाचली असेल?"

"तो तेलुगू माणूस, ताई. त्याला ना पत्र वाचता आलं असेल ना कविता." गुरुजींनी रजिस्टर बंद करून कपाटावर ठेवलं. "शिक्का बघितला आन सोडलं."